फुकट अपग्रेड काउंटरवर ठरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबा पुण्याहून पहिल्यांदाच अमेरिकेला मुलीकडे निघालेत. मुंबई ते फ्रँकफर्ट लुफ्तान्सानं आणि तिथून त्यांच्याच विमानानं सॅन फ्रान्सिस्को. दोघंही सत्तरीच्या घरात. तिकिटं इकॉनॉमीची. प्रवासाच्याच आठवड्यात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होताहेत. चांगले कपडे घालून, काउंटरवर नम्रपणे हे सांगितलं तर बिझनेस क्लास मिळतो असं ऐकलंय, तर नक्की काय बोलावं?

मुंबई विमानतळावर लांब पल्ल्याच्या उड्डाणांचं चेक-इन आणि गेट मी बरीच वर्षं सांभाळलं, नंतर ड्युटी मॅनेजर म्हणून अपग्रेडच्या यादीवर सहीही केली. त्या अनुभवावरून सांगते. आई-बाबा काउंटरपाशी पोचतात तोवर हा निर्णय बहुतेक झालेला असतो. त्यामुळे तिथं काय बोलायचं यावर फार विचार करू नका. त्याआधीच्या दिवसांत करण्यासारखं मात्र बरंच आहे.

आधी फुकट अपग्रेड होतं तरी का, ते बघू. प्रत्येक उड्डाणाला काही प्रवासी येतच नाहीत. कुणाचा व्हिसा अडकतो, कुणाचं आधीचं विमान उशिरा येतं, कुणी तारीख बदलतं. ते गृहीत धरून कंपनी इकॉनॉमीत असलेल्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकते. पुढच्या केबिनमध्ये जागा उरणार असं दिसलं तर त्या जागा हिशेबात धरून इकॉनॉमीचा आकडा आणखी वाढवला जातो. मग एखाद्या दिवशी सगळेच प्रवासी आले की काही जणांना वर बसवण्यावाचून इलाज नसतो. आम्ही याला ऑप-अप म्हणतो. प्रवाशाला खूश करणं हा त्याचा हेतू नसतो. इकॉनॉमीत मावत नाहीत तेवढ्यांनाच वर नेलं जातं. म्हणूनच इकॉनॉमीत दहा जागा मोकळ्या आणि बिझनेसमध्ये वीस मोकळ्या असल्या, तरी कुणीच वर जात नाही. ‘पुढं सगळं रिकामं होतं, तरी दिलं नाही’ अशी तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे, आणि तिचं कारण एवढंच असतं.

इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधली ‘प्रीमियम इकॉनॉमी’ केबिन आल्यापासून हे गणित आणखी बदललं. एअर इंडियाच्या ए-३५० विमानाचं उदाहरण घ्या. त्यात बिझनेसच्या २८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या २६४ जागा आहेत. समजा, एका रात्री इकॉनॉमीचे २७० प्रवासी हजर झाले, प्रीमियमचे २० आणि बिझनेसचे २३. इकॉनॉमीत सहा जण जास्त. प्रीमियममध्ये चार जागा मोकळ्या, तिथं चौघं गेले. राहिले दोघं. त्यांना थेट बिझनेसमध्ये नेत नाहीत. प्रीमियमचे पैसे भरलेल्यांपैकी दोघांना बिझनेसमध्ये बसवतात आणि त्यांच्या जागी इकॉनॉमीतले दोघं येतात. इकॉनॉमीतल्या सहा जणांना अपग्रेड मिळालं खरं, पण बिझनेसची खुर्ची त्यांच्यापैकी एकालाही मिळाली नाही. इकॉनॉमीतून एकदम बिझनेसमध्ये गेल्याचे जे किस्से ऐकायला मिळतात, ते बरेचसे प्रीमियम इकॉनॉमी नसलेल्या विमानांतले असतात. तुमच्या आई-बाबांचं विमान तीन किंवा जास्त केबिनचं असेल, तर आशा प्रीमियमचीच धरा. तीही लहान गोष्ट नाही. दोन रांगांमधलं अंतर इकॉनॉमीत साधारण ३१ इंच असतं, तिथं ३८च्या आसपास, शिवाय खुर्ची रुंद आणि पाठ जास्त मागं जाणारी.

ही माणसं निवडतात कशी? उड्डाणाच्या काही तास आधी यादी निघते. सर्वात वर कंपनीच्या फ्रिक्वेंट फ्लायर, म्हणजे वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठीच्या, योजनेतले वरच्या श्रेणीचे सभासद. मग ज्या बड्या कंपन्यांशी विमान कंपनीचा करार आहे त्यांचे प्रवासी. मग महागडं, लवचिक भाडं भरलेले. त्यानंतर सभासद असलेले साधे प्रवासी, आणि सगळ्यात शेवटी ज्यांच्या बुकिंगमध्ये सभासद क्रमांकच नाही असे. प्रत्येक कंपनीची उतरंड थोडी वेगळी, पण ढाचा हाच. एकट्या प्रवाशाला हलवणं सोपं, म्हणून एका पीएनआरवर चौघांचं कुटुंब असेल तर त्याला सहसा हात लावत नाहीत. जोडप्याचं मधलं असतं, दोन जागा हव्यात. म्हणून कुणी सल्ला देईल की दोघांची बुकिंग वेगळी करा. तुमच्या बाबतीत मुळीच करू नका. पहिला परदेश प्रवास, फ्रँकफर्टला विमान बदलायचंय, आणि काही गडबड झाली तर दोन वेगळ्या पीएनआरवरची माणसं दोन वेगळ्या विमानांत जाऊ शकतात.

काउंटरवरच्या मुला-मुलीच्या हातात किती असतं, हेही समजून घ्या. वर बसवलेल्या प्रत्येक प्रवाशामागे सिस्टीममध्ये कारणाचा कोड टाकावा लागतो, कुणी केलं त्याचं नाव नोंदलं जातं आणि मागाहून तपासणी होते. ओळखीनं किंवा दया येऊन केलेलं अपग्रेड नोकरीवर बेततं. समोरचा ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो कठोर नसतो, त्याच्याकडे ते द्यायची मुभाच नसते.

आता कपड्यांचं. यादीतले दोन प्रवासी सगळ्या बाबतींत सारखे असतील आणि जागा एकच असेल, तर नीटनेटका माणूस पुढं जाऊ शकतो. याच्या पलीकडे कपड्यांना काम नाही. आईंना नऊवारीत अवघडून बसवू नका, बाबांना सुटाबुटात घामाघूम करू नका. सैल, सुती कपडे, अंगावर एक स्वेटर आणि पायांत सहज निघणाऱ्या चपला किंवा बूट, हेच त्या वयाला बरं. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं जरूर सांगा, पण विमानात गेल्यावर, केबिन क्रूला. त्यांच्याजवळ वेळ असेल तर ते प्रेमानं शुभेच्छा देतात, एखादं गोडाचं पुढून आणून देतात. तो आनंद घ्यावा. त्यातून सीट मात्र मिळत नाही. आणि उशिरा पोचल्यावर इकॉनॉमी भरलेली असल्यानं वर बसवतात, ही समजूत तर धोक्याची आहे. ओव्हरसोल्ड, म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकलेल्या, विमानात उशिरा आलेला माणूस वर जाण्यापेक्षा मागं राहण्याचीच शक्यता जास्त असते.

जेवणाबद्दल एक बारकावा आपल्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवावा. शाकाहारी किंवा जैन जेवण आधी सांगितलं की ते ट्रे तुमच्या केबिनच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, तुमच्या नावानं चढतात. शेवटच्या क्षणी कुणाला वर न्यायचं ठरलं तर वरच्या केबिनमध्ये ते जेवण नसतं, म्हणून काही ठिकाणी विशेष जेवणवाल्याला वगळून पुढचं नाव घेतात. पण त्यासाठी आई-बाबांचं शाकाहारी जेवण रद्द करू नका. वीस तासांच्या प्रवासात खायला न मिळणं हे कुठल्याही खुर्चीनं भरून निघत नाही.

मग करायचं काय? पहिलं आणि बिनखर्चाचं काम: दोघांना वेगवेगळं सभासद करा आणि ते क्रमांक बुकिंगमध्ये आजच घाला. लुफ्तान्सा, एअर इंडिया आणि युनायटेड या तिन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत, त्यामुळे एअर इंडियाची महाराजा क्लब, लुफ्तान्साची माइल्स अँड मोअर किंवा युनायटेडची मायलेजप्लस, यांतली एकच योजना निवडा आणि पुढंही तीच वापरा. निव्वळ यादीतलं स्थान पाहिलं तर ज्या कंपनीचं विमान तिचीच योजना बरी. तुमचा स्वतःचा क्रमांक त्यांच्या तिकिटावर चालणार नाही, नाव जुळावं लागतं. इथं मराठी नावांचा घोळ नेहमीचा. पासपोर्टवर पहिल्या नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, सभासदत्वात ते नसतं, आणि माइल्स, म्हणजे प्रवासाचे पॉइंट्स, जमा होत नाहीत. पासपोर्ट, तिकीट आणि सभासदत्व या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा.

दुसरं म्हणजे तारीख. तुमची ठरली आहे, पण परतीची अजून हलवता येत असेल तर विचार करा, पुढच्या खेपेलाही हे उपयोगी पडेल. इकॉनॉमी ओसंडून वाहते आणि बिझनेस ओस पडतं असे दिवस हवेत. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भारतातून अमेरिकेकडे विद्यार्थ्यांची गर्दी असते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कामासाठी फिरणारी मंडळी घरी असतात आणि इकॉनॉमी कुटुंबांनी भरलेली असते. असे दिवस ऑप-अपचे. उलट कामकाजाच्या आठवड्यात, सोमवारी किंवा गुरुवारी रात्री, पुढची केबिन पैसे देणाऱ्यांनीच भरते. संकेतस्थळावरच्या सीट मॅपवरून मात्र अंदाज बांधू नका. तिथं रिकामी दिसणारी जागा विकलेली असू शकते, फक्त प्रवाशानं सीट निवडलेली नसते. आदल्या दिवशीचं उड्डाण रद्द झालं असेल किंवा ऐनवेळी लहान विमान लावलं असेल, तर सगळीच फेरमांडणी होते. अशा दिवशी आम्ही एरवीपेक्षा कितीतरी जास्त लोकांना वर बसवलेलं आहे. पण ते ठरवून साधता येत नाही.

चेक-इन करूनही बोर्डिंग पासवर सीट क्रमांक न येता ‘गेटवर मिळेल’ असं आलं, तर समजायचं की विमान ओव्हरसोल्ड आहे. घाबरू नये, पण दुकानांत फिरत बसू नये. गेटवर लवकर जाऊन तिथल्या माणसाला दिसेल असं बसावं आणि नावाची घोषणा ऐकावी. अपग्रेड झालंच तर बहुतेक वेळा इथंच कळतं. नाव पुकारतात, किंवा बोर्डिंग पास मशीनवर ठेवला की वेगळा आवाज येतो आणि हातात नवा पास पडतो. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा. नवा पास दिला की आपलं काही चुकलं असं वाटून गोंधळलेली वयस्कर माणसं मी पाहिली आहेत.

तोंडानं काही विचारायचंच असेल तर काउंटरवर एकदा, एका वाक्यात विचारावं: ‘इकॉनॉमी भरली असेल आणि कुणाला पुढं बसवायची वेळ आली, तर आम्हा दोघांचा विचार करा, आमची तयारी आहे.’ मुंबईच्या काउंटरवर मराठी कळणारं कुणीतरी असतंच, आईंनी मराठीतच विचारलं तरी चालेल. इतकं बोलून थांबावं.

मागितल्यावर खरोखर काही मिळण्याची एक वेळ असते, ती म्हणजे विमान कंपनीला तुमच्याकडून काही हवं असतं तेव्हा. ओव्हरसोल्ड विमानात सगळी मांडणी करूनही जागा कमी पडल्या, तर कुणाला जबरदस्तीनं थांबवण्याआधी स्वेच्छेनं थांबणारे शोधावे लागतात. भारतात डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम तसा आहे, युरोपात आणि अमेरिकेतही तसाच. या वेळी प्रवाशाला अटी घालता येतात. पुढच्या विमानात वरच्या केबिनची पक्की सीट, हॉटेल, जेवण, टॅक्सी आणि वर रोख रक्कम, हे सगळं मागावं, आणि जे ठरेल ते लेखी घ्यावं. कूपनपेक्षा रोख बरी. घासाघीस करताना जबरदस्तीनं थांबवल्यास काय द्यावं लागतं तो आकडा माहीत असावा. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरो. हा नियम युरोपीय संघातून सुटणाऱ्या सगळ्या विमानांना लागू आहे, आणि मुंबईहून तिकडे जाणाऱ्या युरोपीय कंपनीच्या विमानांनाही. अमेरिकेतून सुटणाऱ्या विमानांसाठी एकमार्गी भाड्याच्या चौपटीपर्यंत, कमाल २१५० डॉलर, ही २०२५ पासूनची मर्यादा. भारतीय नियमात २४ तासांच्या आत दुसरं विमान दिलं तर मूळ भाडं व इंधन शुल्काच्या हिशेबानं कमाल १०,००० रुपये, त्यानंतर दिलं तर कमाल २०,०००. एप्रिल २०१७ मध्ये शिकागोत विमानात बसलेल्या प्रवाशाला ओढत खाली उतरवलं गेलं, त्यानंतर अमेरिकी कंपन्यांनी स्वेच्छेनं थांबणाऱ्यांना द्यायच्या रकमा खूप वाढवल्या. डेल्टानं तर ९९५० डॉलरपर्यंत देण्याची मुभा आपल्या अधिकाऱ्यांना दिली.

तुम्ही एकटे प्रवास करत असाल आणि पोचायची घाई नसेल, तर हा मार्ग मनापासून सुचवते. आई-बाबांना मात्र यात पाडू नका. चढवलेलं सामान परत काढावं लागतं, पुढचं जोडविमान, विमा, न्यायला येणारी मुलगी, औषधांच्या वेळा, सगळंच बदलतं. गेटवर कुणी विचारलं तर ‘आम्हाला आजच जायचंय’ एवढं ठामपणे म्हणायला त्यांना शिकवा.

त्यांना बिझनेसमध्ये बसवायचंच असेल, तर पॉइंट्सचा विचार करा. तुमची बहीण अमेरिकेत आहे, तिथली क्रेडिट कार्डं नव्या सभासदाला भरघोस पॉइंट्स देतात. चेस बँकेच्या किंवा अमेरिकन एक्सप्रेसच्या कार्डाचे पॉइंट्स एअर कॅनडाच्या एअरोप्लान या सभासद योजनेत वळवता येतात आणि त्यातून लुफ्तान्सा, एअर इंडिया, युनायटेड अशा कंपन्यांची बिझनेसची तिकिटं दुसऱ्याच्या नावानंही काढता येतात. एअरोप्लान इंधन अधिभार लावत नाही, त्यामुळे वर द्यावे लागतात ते मुख्यतः कर. अडचण जागा मिळण्याची. भागीदार कंपन्यांना अशा जागा मोजक्याच दिल्या जातात, आणि त्यांतल्या काही प्रवासाला थोडे दिवस उरले असताना दिसू लागतात. सध्याचं तिकीट रद्द करायला किती दंड पडतो ते आधी बघा. हातातल्या तिकिटावर माइल्स देऊन अपग्रेड करता येतं का, हे भाड्याच्या वर्गावर अवलंबून असतं. अगदी स्वस्त भाड्यांवर बहुधा येत नाही.

आणि पैसे मोजायची थोडी तयारी असेल, तर बोली. लुफ्तान्सा, एतिहाद, सिंगापूर एअरलाइन्स अशा कंपन्या इकॉनॉमीच्या निवडक प्रवाशांना वरच्या केबिनसाठी रक्कम सुचवू देतात. बोली प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी असते आणि रक्कम माणशी धरली जाते, म्हणजे दोघांचे दुप्पट. तुमच्या जागी मी असते तर दोन्ही टप्प्यांवर पैसे पसरले नसते. फ्रँकफर्ट ते सॅन फ्रान्सिस्को साडेअकरा तासांचं असलं तरी ते बहुतांशी दिवसाउजेडी जातं. मुंबईहून युरोपची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि पुण्याहून संध्याकाळी गाडीनं निघालेली माणसं तोवर थकून गेलेली असतात. ती रात्र नीट झोप लागली तर पुढचा सगळा प्रवास सोसवतो. म्हणून बोली मुंबई ते फ्रँकफर्टवर लावा, प्रीमियम इकॉनॉमीसाठी.

यातलं काहीच जमलं नाही तर इकॉनॉमीतच चांगली जागा पकडणं हे तुमच्या हातात आहे. विमानाच्या रांगेतल्या खुर्च्यांची मांडणी २-४-२ असेल तर खिडकीलगतची दोनची जोडी घ्या. ती फक्त त्या दोघांची, मध्ये परकं कुणी नाही. ३-३-३ किंवा ३-४-३ असेल तर मागच्या भागात एक खिडकीची आणि एक चालायच्या वाटेच्या कडेची घ्या. एकटी मधली जागा लोक सगळ्यात शेवटी निवडतात, आणि कुणी आलंच तर अदलाबदल करायला ते आनंदानं तयार होतात. इमर्जन्सी दाराजवळची सीट त्यांच्यासाठी नाही. तिथं गरज पडली तर दार उघडू शकणारा प्रवासी लागतो, आणि व्हीलचेअर घेतली असेल तर ती मिळणारच नाही. अगदी पहिल्या रांगेत पाय लांब होतात, पण हँडल वर उचलता येत नाही आणि उड्डाणाच्या वेळी पायाशी पिशवी ठेवू देत नाहीत. वाटेच्या कडेची सीट एकाला तरी हवीच. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सांगितलं. मूळ धोका कमीच असतो, पण या वयात दर दोन तासांनी उठून चालायला हवं, आणि खिडकीत अडकलेला माणूस संकोचानं उठत नाही. घट्ट मोज्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

बोली लागली आणि ऐनवेळी कंपनीनं त्यांना परत इकॉनॉमीत बसवलं, तर गप्प राहू नका. युरोपच्या नियमात ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या टप्प्यावर त्या टप्प्याच्या भाड्याचे ७५ टक्के परत द्यावे लागतात. भारतातही १५ फेब्रुवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के, करांसकट. उलट कंपनीनं स्वतःहून वर बसवलं तर युरोपच्या नियमानुसार त्याचे वेगळे पैसे ती मागू शकत नाही, हेही बाबांना सांगून ठेवा. म्हणजे नवा पास हातात आला की खिशाकडे हात जाणार नाही. जुना आणि नवा, दोन्ही पास जपून ठेवायला सांगा. माइल्स जमा झाले नाहीत किंवा परतावा मागायची वेळ आली, तर पुरावा म्हणून तेच लागतात.